चार पावलं

म्हाताऱ्या माणसाला हॉस्पिटलमध्ये न्यायचं की घरीच ठेवायचं, हे चार पावलांवर ठरायचं. पडलेल्या माणसाला उठवायचं, हाडं चाचपायची, बीपी आणि साखर बघायची आणि मग म्हणायचं, "आता जरा चालून दाखवा." चार पावलं जाऊन माणूस परत आला, घरात सांभाळणारं कुणी असलं आणि फोनवरच्या डॉक्टरनं हो म्हटलं, की पिवळा फॉर्म भरायचा. माणूस घरी राहायचा. संध्याकाळी नर्स येऊन बघून जायची. ॲम्ब्युलन्स आली तशी रिकामी परत जायची.

ही पद्धत सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं आणि ताईचा तिच्यावर जीव होता. ताई म्हणजे गाडीवरची पॅरामेडिक. गाडी चालवणारे मामा तिच्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी तेही तिला ताईच म्हणायचे, आणि त्यांना सगळं स्टेशन मामा म्हणायचं.

"ताई, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय," मामा म्हणायचे. "या महिन्यात एकोणीस जणांना घरीच ठेवलंत. रिकामी गाडी फिरवायला उद्या ड्रायव्हर कशाला ठेवतील? पाहुण्यासारखं जायचं, चौकशी करायची नि परत यायचं. मग रिक्षा काय वाईट?"

ताई हसायची. पण त्या एकोणीस जणांचा तिला अभिमान होता आणि त्याला कारणही तसंच होतं. तिचे वडील बाथरूममध्ये घसरले, तेव्हा ही पद्धत नव्हती. हाड शाबूत होतं, तरी नियम म्हणून नेलं. व्हरांड्यात अकरा तास स्ट्रेचरवर पडून राहिले. लघवीला जायचंय म्हणून सांगून सांगून शेवटी तिथंच झाली, आणि तीस वर्षं पोरांना धाकात ठेवणारा तो शिक्षक माणूस लहान मुलासारखा रडला. मग छातीत कफ धरला. नवव्या दिवशी गेले. पडल्यानं नव्हे, नेल्यानं गेले, असं ताई चारचौघांत बोलून दाखवायची. गाडी तिच्याच खात्याची होती, हे मात्र बोलायची नाही.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊला कॉल आला. बाई, वय अठ्ठ्याहत्तर, पडलेली, शुद्धीवर, घरी नवरा.

तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. "या, या, पहाटे दूध घेतल्यापासून दार नुसतं लोटलंय," आतून आवाज आला. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लागून कॉट, आणि कॉटच्या नि मशीनच्या मधे फरशीवर म्हातारी काकू आडवी. डोक्याखाली उशी होती, अंगावर चादर होती. पलीकडे हाताच्या खुर्चीत आजोबा बसले होते. गळ्यात मापाची टेप, मांडीवर गोधडीची घडी, शेजारच्या स्टुलावर फोन. पडलेल्या माणसाच्या घरात जी पळापळ असते ती इथं नव्हती. ताईला बरं वाटलं. चला, एक तरी शहाणं घर.

"मी टेलर," आजोबा म्हणाले. "मास्तर म्हणतात मला. आणि ही आमची हेडमास्तरीण. सहाला उठली नि पडली. तीनदा उचलायला गेलो, पण आता कपडाच जड झालाय का शिंपी हलका झालाय, कळत नाही. मग केला तुम्हाला फोन."

"सहाला पडल्या आणि फोन नऊला?"

"तुम्ही न्याल म्हणून भ्यालो," मास्तर सरळ म्हणाले.

ताईनं काकूला तपासलं. डोकं ठीक. खुबा, मांड्या, गुडघे, सगळं दाबून बघितलं. काकू फक्त गुदगुल्या झाल्यासारखी हसली. डाव्या कोपराला खरचटलं होतं. मानेखाली हात घातला, तेव्हा गाऊनच्या कॉलरला आतून शिवलेली पांढरी पट्टी लागली. पट्टीवर बारीक टाक्यांत मास्तरांचं नाव आणि फोन नंबर भरलेला होता.

"विसरते हल्ली," मास्तर म्हणाले. "दोनदा रस्त्यावर गेली. आता सगळ्या कपड्यांना लावलीय. कुणालाही सापडली तरी माल दुकानात परत येणार."

"गोळ्या कुठं आहेत त्यांच्या?"

"त्या कपाटात, दुसऱ्या फळीवर. तेवढं काढून घ्या ना. आणि ताई, पाणी हवं असेल तर आत आहे, हातानं घ्या. मामा, तिची चप्पल कॉटखाली गेलीय बघा. वाका जरा, वाका."

मामा वाकले. मास्तरांनी बसल्या जागेवरून त्यांच्या पाठीकडे बघितलं. "हा शर्ट कुणी कापला हो? हात पुढं केला की खांद्यात ओढतोय. एक दिवस तिथंच उसवणार, लिहून ठेवा."

"युनिफॉर्म आहे, मास्तर. सरकारी कात्री."

"तरीच. आंधळ्यानं कापलाय."

मामा हसले, ताईही हसली. म्हातारा खुर्चीत बसून सगळ्यांना कामाला लावतोय याची तिला गंमत वाटली. तिनं तसं म्हटलंही. मास्तर म्हणाले, "पन्नास वर्षं मशीनवर बसून काढली, ताई. बसणं हा आमचा धंदाच. आता म्हातारपणी उठायला सांगू नका."

त्यांच्या कपाळावर घाम होता. खिडकी बंद होती आणि माणसानं तीनदा बायकोला उचलायची धडपड केली होती. घामाचा हिशेब तिथंच लागला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. तपासायचं माणूस तीन हातांवर बसलं होतं आणि ताई बसलेल्या माणसाच्या बायकोचे गुडघे दाबत होती.

"गेल्या वर्षी नेलं होतं हिला," मास्तर म्हणाले. आवाज एकाएकी खाली आला होता. "आठ दिवस. सारखी उठते, घरी जायचं म्हणते, म्हणून हात कॉटला बांधले. मी भेटायला गेलो तर मला म्हणाली, मास्तर, सोडवा हो. नवरा म्हणून नाही ओळखलं. टेलर म्हणून ओळखलं. मनगटावरचे वळ महिनाभर होते. ताई, हिला न्यायचं नाही. शब्द द्या मला."

असा शब्द द्यायचा नसतो. फॉर्म भरायच्या आधी तर नाहीच नाही. पण ताईला व्हरांड्यातलं ते स्ट्रेचर आठवलं. "देते," ती म्हणाली. "काकूंना आज नेत नाही. फक्त त्यांनी मला चार पावलं चालून दाखवायची."

"ऐकलंस का गं?" मास्तर बायकोला म्हणाले. "चार पावलं चाल. चाललीस की कुणी नेत नाही."

मामांनी आणि ताईनं तिला उभं केलं. चप्पल घातली. काकू उभी राहिली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"एक," मास्तरांनी खुर्चीतूनच मोजलं. काकूनं पाऊल टाकलं. "दोन. शाब्बास. तीन. अगं, पाय उचल, शिलाई ओढल्यासारखे ओढू नकोस. चार! वळ आता." परत येतानाही त्यांनी मोजलं. चौथ्या आकड्याला काकू कॉटवर बसली आणि शाळेतल्या मुलीसारखी सगळ्यांकडे बघून म्हणाली, "चालले ना मी? आता नाही ना नेणार?"

"नाही नेणार," ताई म्हणाली.

फोनवरच्या डॉक्टरनं आकडे ऐकले आणि हो म्हटलं. पिवळा फॉर्म निघाला. ‘घरी सांभाळणारं कोण?’ ताईनं लिहिलं, ‘पती.’ सांभाळणारा कसा आहे, उभा राहू शकतो का, हे विचारणारी चौकट त्या फॉर्मवर नव्हती. कागदाला काय, जेवढे रकाने तेवढे डोळे.

असं म्हणून ताईची सुटका होत नाही, हेही सांगायला हवं. तिच्या मनात आलं होतं. काकूच्या दंडाचा बीपीचा पट्टा सोडताना ती म्हणाली होती, "मास्तर, आलेच आहे तर तुमचंही बघू का? तुम्हाला काही होत नाही ना?"

"मला काय होतंय? वय होतंय," मास्तर म्हणाले.

ती हसली. पट्टा हातात घेऊन दोन पावलं गेलीही. तेवढ्यात खांद्यावरचा वायरलेस बोलला. कंट्रोल विचारत होतं, अजून किती वेळ, पुढं दोन कॉल थांबलेत. ताईनं पट्ट्याची गुंडाळी केली आणि पिशवीत टाकली.

"नर्स चार ते सहाच्या मधे येईल. मुलंबाळं?"

"एक मुलगी. लांब असते. फोन करते, रडते, ठेवते." मास्तरांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. "ताई, जाताना दार ओढून घ्या. आपोआप लागतं. ही बाहेर जायला नको."

ताईनं दार ओढून घेतलं. कुलपाचा खटका वाजला.

"वीस झाले," गाडीत बसताना मामा म्हणाले. ताईनं पिवळ्या फॉर्मची प्रत फाईलमध्ये लावली. सकाळ चांगली गेली असं तिला वाटलं, आणि खरंच वाटलं.

पुढचा कॉल रस्त्यातल्या अपघाताचा निघाला, त्यात पावणेबारा झाले. त्याच्या पुढचा पुन्हा घरचाच. बाईला चक्कर आली होती. नवरा पंच्याऐंशीचा, दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी. तो दारात उभा होता. ताई म्हणाली, बसा. बसला, आणि लगेच उठून ताईसाठी खुर्ची सरकवायला लागला. मग गोळ्यांचा डबा आणायला उठला. मग पाणी. मग चष्मा. प्रत्येक वेळी काठी, गुडघा, कण्हणं आणि उठणं. ताईच्या पायात पायात येत होता.

"अहो आजोबा, एका जागी बसा ना!" ती शेवटी वैतागली. "मामा आणून देतील काय हवं ते."

"वा," आजोबा म्हणाले. "माझं माणूस आडवं पडलंय, घरात परकी माणसं आलीत आणि मी बसून राहू? पाय मोडले असते तरच बसलो असतो."

ताईचा हात थांबला.

कपाटातल्या गोळ्या. पाणी हातानं घ्या. कॉटखालची चप्पल. दार ओढून घ्या. बायको चार पावलं चालत होती, पुन्हा पडेल ही धास्ती होती, आणि तिचा नवरा खुर्चीतून आकडे मोजत होता. पन्नास वर्षांच्या संसारातलं माणूस, आणि आधाराला एक हात पुढं केला नाही. खुर्चीच्या हातावरून त्याचे पंजे एवढ्या वेळात सुटले नव्हते.

त्या बाईला तिनं घाईनं पण नीट तपासलं. घाईची शिक्षा या बाईला नको, एवढं भान होतं. सून आली, फॉर्म झाला. जिना उतरताना ताईनं सकाळच्या फॉर्मवरचा नंबर लावला. गाऊनच्या कॉलरला शिवलेला तोच नंबर. बरीच रिंग झाली. तुटली. तिनं पुन्हा लावला.

"हॅलो," काकूचा आवाज.

"काकू, मी सकाळची ताई. मास्तर आहेत का?"

"आहेत ना. इथंच आहेत."

"त्यांच्या हातात फोन द्या जरा."

खुडबुड झाली. मग काहीच नाही. ताईनं कानावर फोन इतका दाबला की कान दुखला. पलीकडून श्वासही नाही.

"दिला ना," थोड्या वेळानं काकू म्हणाली. "कानाला लावला. बोलत नाहीत. रुसलेत माझ्यावर. सकाळी मी पडले ना."

मामांनी सायरन लावला. ताईनं कंट्रोलला जवळची दुसरी गाडी पाठवायला सांगितलं. कंट्रोलनं सांगितलं की जवळची गाडी तुमचीच आहे. पोचायला एकवीस मिनिटं लागली.

दार लागलेलं होतं. ताईनंच लावलेलं. तिनं हाक मारली. आतून काकू म्हणाली, "उठायचं नाही म्हणून सांगितलंय ह्यांनी. उठले की पडते मी." कुलूप कसं उघडायचं, हे बाहेरून समजावण्यात अर्थ नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी. मामांनी खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला चौकट फुटली आणि मामांचा शर्ट खांद्यात उसवला. मास्तरांनी दाखवला होता तिथंच.

मास्तर खुर्चीत होते. मान किंचित कलली होती, गळ्यात टेप तशीच. काकूनं त्यांच्या गुडघ्यांवर आपली शाल घातली होती आणि रिसीव्हर त्यांच्या खांद्यावर टेकवून ठेवला होता. ताईनं मानेला बोटं लावली. कातडी गार होती. जबडा धरायला लागला होता. तिनं तरी ईसीजीच्या पट्ट्या चिकटवल्या, कारण चिकटवायच्या असतात. मशीनमधून सरळ रेघेचा कागद बाहेर आला. मांडीवरची गोधडी उचलली, तेव्हा कळलं की सकाळी ती तिथं का होती. पँट ओली होऊन सुकली होती. बायकोला उचलताना छातीत कळ आली असणार, तिथंच बसले असणार, आणि मग उठताच आलं नसणार. तशात तीन तास थांबले आणि मग लाज गोधडीखाली झाकून फोन केला, तोही बायकोसाठी. माणसानं ताकास तूर लागू दिली नाही. आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत जिनं शेकडो घामेजलेले चेहरे बघितले, तिला ती लागली नाही.

"मी पट्टा हातात घेतला होता, मामा," ताई म्हणाली. "हातात होता माझ्या."

मामांनी मास्तरांच्या खांद्यावरचा रिसीव्हर काढून जागेवर ठेवला.

फोनवरचा डॉक्टर सकाळचाच होता. त्यानं वेळ लिहून घेतली. प्रेताला हात लावू नका, पुढची माणसं येतील, म्हणाला. मग काकूचं विचारलं. तिला काही लागलं नव्हतं, दुखत नव्हतं, बीपी ताईपेक्षा बरं होतं.

"मग तिला इथंच ठेवू या," ताई म्हणाली. "नर्सला आत्ता पाठवा. मुलगी येईपर्यंत बसेल कुणीतरी."

"चाळीस घरांना एक नर्स आहे, तुम्हाला माहीत आहे. घरी सांभाळणारं कोण?"

ताईनं मास्तरांच्या खुर्चीकडे बघितलं.

"मग न्यावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "वॉर्डला सांगून ठेवतो."

"बांधू नका म्हणून सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. वॉर्डात रात्रीच्या पाळीला दोन नर्स आणि चौतीस कॉट, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मामा दुमडायची खुर्ची घेऊन आले. तिचे काळे पट्टे लोंबत होते. पट्टे दिसताच काकूनं दोन्ही मनगटं छातीशी घेतली. नवरा विसरत होती, घर विसरत होती, पण हे तिच्या अंगाला पाठ होतं. मग ती आपण होऊन कॉटवरून उठली.

"मी चालते की," ती घाईघाईनं म्हणाली. "चाललं की नेत नाहीत. बघा." ती उभी राहिली आणि मास्तरांच्या खुर्चीकडे बघत थांबली. "मोजा ना हो."

खोलीत कुणी मोजलं नाही. काकूचं पाऊल उचललं जाईना.

"रुसलेत," ती ताईला म्हणाली. "तुम्ही मोजा."

ताईनं मामांना खूण केली. मामांनी खुर्ची दुमडली आणि बाहेर नेली. ताईनं काकूचा हात धरला, मनगटाला नव्हे, कोपराच्या वर.

"एक," ती म्हणाली. काकूनं पाऊल टाकलं. "दोन. तीन. चार."

"झाले!" काकू म्हणाली. "आता नाही ना नेणार?"

ती दारापाशी उभी होती. कॉलर मागून उलटली होती आणि पट्टीवरचा नंबर बाहेर दिसत होता. पुढं फुटकी चौकट, तीन पायऱ्या, फाटक, आणि फाटकाबाहेर मागचं दार उघडून ठेवलेली गाडी.

"अजून चार," ताई म्हणाली. "एक."

काकू चालली. चार झाले की थांबायची, वळून विचारायची, आता नाही ना नेणार? आणि ताई पुन्हा एकपासून सुरू करायची. गाडीपर्यंत अकरा वेळा मोजावं लागलं.